नळीला मीटर नसतो, साहेब!

स्पष्टच लिहितो. आपल्या भागात जुन्या .२२ रायफलींची जी खरेदी-विक्री चालली आहे, तिच्यात खेळणाऱ्या पोरांच्या आई-बापांना राजरोस गंडवलं जातंय. गंडवणारे कोणी लांबचे ठग नाहीत. आपल्याच ओळखीतले, आपल्याच पोरांचे 'सर', आपल्याच रेंजवरचे जुने शूटर. आणि बघून गप्प बसणारे आपण सगळे.

आधीच सांगून टाकतो, म्हणजे कमेंटमध्ये गोंधळ नको. ही पोस्ट शिकारीबद्दल नाही, पीक संरक्षणाच्या बंदुकीबद्दल नाही, कमरेला पिस्तूल लावून फ्लेक्सवर मिरवणाऱ्यांबद्दल तर अजिबात नाही. ५० मीटरवरच्या कागदावर नेम धरणाऱ्या खेळाडूंबद्दल आणि त्यांच्यासाठी कर्ज काढणाऱ्या घरांबद्दल आहे.

१ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्यपदक घेतलं. १९५२ ला खाशाबा जाधवांनी हेलसिंकीहून आणलेल्या पदकानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळालं. त्याच्या आधी २०१० ला कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जागतिक विजेतेपद मिळवलं होतं. आपल्या मातीतली पोरं हे करू शकतात हे आता कोणाला पटवून द्यावं लागत नाही. चांगलीच गोष्ट आहे.

पण पदकाच्या मागोमाग बाजारही येतो. नवी परदेशी रायफल, आन्शुट्झ म्हणा, वॉल्थर म्हणा, फाइनवेर्कबाउ म्हणा, लाखांच्या हिशोबात जाते. साध्या घराला ते झेपत नाही. मग 'सेकंडहँड बघूया' सुरू होतं. इथपर्यंत काही चूक नाही. उलट मी सेकंडहँडच्या बाजूचाच आहे, ते पुढे सांगतो. चूक इथून पुढे सुरू होते, जेव्हा विकणारा छाती ठोकून सांगतो, "फक्त पाच हजार राउंड झालेत. बॅरल एकदम नवी आहे. आत बघा कशी चकचकीत आहे."

या तीन वाक्यांवर आपल्याकडे लाखांचे व्यवहार होतात. आणि या तिन्ही वाक्यांना काडीचाही अर्थ नाही.

पहिलं वाक्य घ्या. पाच हजार राउंड. मोजले कोणी? मोटरसायकलला मीटर असतो, तरी लोक तो मागे फिरवतात. रायफलीच्या नळीला तर मीटरच नसतो. आता साधा हिशोब करा. मन लावून सराव करणारा शूटर दिवसाला शंभर गोळ्या मारतो. वर्षातले दोनशे दिवस रेंजवर गेला तरी वीस हजार झाल्या. दहा वर्षं जुनी रायफल दहा वर्षांत पाच हजारच चालली, म्हणजे वर्षाला पाचशे, महिन्याला चाळीस. म्हणजे मालक खेळतच नव्हता. म्हणजे रायफल कपाटात पडून होती. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात, फोमच्या पेटीत, कपाटात पडून राहिलेल्या लोखंडाचं काय होतं ते आपल्याला कोणी शिकवायला नको. फोम ओल धरून ठेवतो. म्हणजे एक तर आकडा खोटा, नाहीतर आकडा खरा आणि गंजाची भीती जास्त. दोन्हीकडून 'पाच हजार' ही काही कौतुकाची गोष्ट नाही.

दुसरं, .२२ ची नळी गोळ्यांच्या संख्येने तशी मरतच नाही. हे समजून घ्या, कारण सगळी फसवणूक इथल्या अज्ञानावर उभी आहे. सैन्याच्या रायफलीत तांब्याचं आवरण असलेली गोळी सेकंदाला आठशे-नऊशे मीटर वेगाने जाते, मागे दारूचा प्रचंड तापलेला वायू असतो. तो वायू चेंबरच्या पुढची नळी अक्षरशः खात जातो. तिथे राउंड मोजायला अर्थ आहे, काही हजारांत नळी उतरू शकते. .२२ चं तसं नाही. मऊ शिशाची अडीच ग्रॅमच्या आसपासची गोळी, चिमूटभर दारू, वेग आवाजाच्या वेगाच्या आतबाहेर. शिसं पोलादाला काय घासणार? चांगली ठेवलेली मॅच नळी पन्नास हजार गोळ्यांनंतरही ग्रुप धरते, त्याच्याही पुढे जाते. आणि वाईट हाताळलेली नळी हजार गोळ्यांतही वाया जाते.

म्हणजे प्रश्न 'किती चालली' हा नाही. प्रश्न 'कशी वागवली' हा आहे. आणि हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

तिसरं वाक्य, चकचकीत. अहो, विकायच्या आदल्या दिवशी तेलाचा बोळा फिरवला की भंगारातला पाइपसुद्धा चकाकतो. डोळ्याने दिसणारी चमक आणि नळीची प्रकृती यांचा संबंध थोडाच. चमकणारी नळी तोंडाशी बिघडलेली असू शकते. आणि काळपट, घाण दिसणारी नळी नुसत्या शिशाच्या आणि कार्बनच्या थराखाली ठणठणीत असू शकते. नीट साफ केली की पुन्हा दहात मारते.

याची दुसरी बाजू मला जास्त चीड आणते. हेच 'नळी' प्रकरण विकणाऱ्या गरजू माणसाविरुद्धही वापरलं जातं. जुना शूटर वारला, घरच्यांना परवाना-बिरवान्याचं काही कळत नाही, रायफल पोलीस ठाण्यात नाहीतर डीलरकडे जमा. मग एक जाणकार येतो, नळीत डोळा घालतो, तोंड वाकडं करतो. "वहिनी, बॅरल गेली हो. पण दादांची आठवण म्हणून घेतो, काय द्यायचं ते बघू." मातीमोल भावाने उचलायची, आठ दिवस साफ करायची आणि तिसऱ्या गावातल्या पोराच्या बापाला 'फक्त पाच हजार राउंड' म्हणून विकायची. घेताना बॅरल गेलेली, विकताना बॅरल नवी. मधे बदललं काय? फक्त समोरचा माणूस.

आता एक खरी गोष्ट सांगतो. नावं, गाव, काही लिहीत नाही, कारण पोरगी अजून खेळते आणि तिला त्याच रेंजवर जायचंय. बाप ऊसवाला, थोडकी जमीन. पोरीचं पदव्युत्तर शिक्षण चालू. परवाना झाला, सोसायटीचं कर्ज निघालं, आईच्या पाटल्या मोडल्या, जुनी जर्मन रायफल आली. व्यवहार जुळवून दिला तिच्याच प्रशिक्षकाने. पुढचं दीड वर्ष स्कोअर हलेना. प्रोनमध्ये, जिथे रायफल जमिनीला कोपर टेकवून धरायची असते, तिथेसुद्धा मधेच नऊ, मधेच आठ. सर म्हणाले, मनाची तयारी कमी आहे. ध्यान कर. मग म्हणाले, ट्रिगरवर घाई होते. मग म्हणाले, घरचं टेन्शन डोक्यात घेऊन येऊ नकोस. पोरगी रडायची, बाप देवाला नवस बोलायचा. एक दिवस दुसऱ्या क्लबच्या मुलीने सरावाला आपली रायफल दिली. त्याच दिवशी, त्याच पोरीच्या हातून, तेच काडतूस वापरून ग्रुप निम्म्यावर आला. मग कोणीतरी शहाण्याने तिच्या रायफलीचं तोंड भिंगाखाली बघितलं. साफ करायचा लोखंडी रॉड पुढून घालून-घालून नळीच्या तोंडाची कड एका बाजूने झिजलेली. दोष नळीत होता आणि दीड वर्ष शिक्षा भोगली पोरीने.

बाप सरांकडे गेला. सर म्हणाले, "विकलेला माल परत नसतो, दादा. बघून घ्यायचं होतं."

बघून घ्यायचं होतं! कोणी दाखवलं होतं? कशावर बघायचं होतं?

मला या वाक्याचा राग आहे म्हणून ही पोस्ट. आपल्याकडे बैल घेताना शेतकरी दात बघतो, खूर बघतो, औताला जुंपून दहा पावलं चालवल्याशिवाय इसार देत नाही. गुंठाभर जागा घेताना सातबारा, फेरफार, वकिलाचा सर्च रिपोर्ट. जुना ट्रॅक्टर घेताना सोबत फिटर नेतो. आणि लाखांची रायफल घेताना? 'सर म्हणाले.' बस्स. बैलापेक्षा जास्त पैसे, आणि जुंपून बघायची सोय नाही.

तर मग बघायचं काय? मी काही आर्मरर नाही, पण जाणकारांबरोबर बसून, वाचून, विचारून जे पक्कं समजलं ते क्रमाने लिहितो. फोटो काढून ठेवा.

एक. आधी बोल्ट उघडा, चेंबर रिकामं आहे याची स्वतः खात्री करा. रायफलीवरचा नंबर आणि परवान्यावरचा नंबर ताडून बघा. नंबर खोडलेला, घासलेला असेल तर भाव विचारू नका, उठून चालू लागा. तो गुन्हा आहे.

दोन. नळीचं तोंड बघा, ज्याला क्राऊन म्हणतात. गोळी नळीला शेवटचा स्पर्श इथे करते. इथली कड एका जागी जरी मोडली तरी मागचा वायू एका बाजूने आधी सुटतो आणि गोळी कलते. भिंग घ्या. कापसाचा बोळा किंवा कान साफ करायची काडी आतून बाहेर कडेवरून सगळीकडे फिरवा. जिथे धागा अडकतो तिथे कड दुखावलेली आहे. पाच रुपयांची तपासणी आहे ही.

तीन. बोल्ट काढून नळीतून उजेडाकडे बघा, दोन्ही बाजूंनी. मधेच काळं कडं, बांगडीसारखी सावली दिसली तर नळी तिथे फुगलेली असायची शक्यता. आत गोळी अडकली असताना दुसरी मारली की असं होतं. काळे खड्डे दिसले तर तो गंज. साफ केल्यावर जातो तो मळ, राहतो तो खड्डा. म्हणून तपासणी साफ केलेल्या, कोरड्या नळीची करायची. तेल लावलेल्या नळीची नाही. तेल खड्डे झाकतं.

चार. मऊ शिशाची गोळी, थोडं तेल लावून, चेंबरच्या बाजूने रॉडने हळूहळू ढकलायची. हे मात्र जाणकाराच्या हातून करून घ्या. चांगल्या नळीत हाताला एकसारखा दाब लागतो, तोंडाकडे थोडा घट्ट झाला तर उत्तमच. मधेच गोळी सटकन सैल सुटली, तर तिथे नळी मोठी झाली आहे. डोळ्याला न दिसणारं हाताला कळतं.

पाच. चेंबरची कड. .२२ मध्ये फायरिंग पिन काडतुसाच्या कडेवर मारते. काडतूस नसताना, रिकाम्या रायफलीचा ट्रिगर वर्षानुवर्षं खटखट दाबला आणि पिन चेंबरच्या कडेपर्यंत पोचत असेल, तर तिथे खळगा पडतो. खूण म्हणजे रिकामी पुंगळी सहज निघत नाही, अडकते. मारलेल्या पुंगळ्या हातात घेऊन बघा.

सहा. चेंबरच्या लगेच पुढचा भाग, खालची बाजू. .२२ च्या काडतुसातला पेटणारा मसाला कडेत भरलेला असतो, आणि बऱ्याच काडतुसांच्या मसाल्यात काचेसारखी कचकच असते. तिचा अवशेष नळीच्या तळाला पडतो आणि पुढची गोळी त्याच्यावरून जाते. .२२ च्या नळीत खरी म्हणावी अशी झीज होते ती मुख्यतः इथे, दोन-चार इंचांत. ही उघड्या डोळ्याला दिसत नाही. त्याला बारीक बोरस्कोप लागतो, म्हणजे नळीत घालायचा कॅमेरा. मोबाइलला किंवा लॅपटॉपला जोडायचा तसा कॅमेरा काही हजारांत येतो.

आणि सात, सगळ्यात महत्त्वाचं. कागद. वरचं सगळं म्हणजे डॉक्टरने नाडी बघणं. रिपोर्ट देतो तो कागदच. ५० मीटर, रायफल टेबलावर टेकवून किंवा शिकंज्यात, दहा-दहा गोळ्यांचे चार ग्रुप, निदान दोन वेगळ्या जातीच्या किंवा लॉटच्या काडतुसांनी. पाच गोळ्यांचा एक सुंदर ग्रुप दाखवून कोणी विकत असेल तर लक्षात ठेवा, वीस मारून त्यातला एक निवडता येतो. लग्नाच्या बायोडाट्यातला फोटो तो. रोजचा चेहरा नाही.

चार ग्रुप का, याचं गणित सांगतो. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलीमीटरचं. गोळी ५.६ ची. गोळीची कड रेषेला टेकली तरी दहा मिळतात, म्हणजे गोळीचा मध्य केंद्रापासून ८ मिलीमीटरपर्यंत गेलेला चालतो. आता रायफल शिकंज्यात धरूनसुद्धा जर मध्यापासून १२ मिलीमीटरपर्यंत गोळ्या विखुरत असेल, तर खेळाडूने श्वास रोखून, देवासारखा स्थिर राहून मारलं तरी नऊ पडणारच. थ्री पोझिशनच्या ६० गोळ्यांत असे दहा नऊ पडले तर दहा गुण गेले. निवड यादीत दहा गुणांत काय होतं ते खेळाडूंना विचारा. आणि ते दहा गुण कोणाच्या नावावर लागतात? रायफलीच्या नाही. पोराच्या.

उलट बाजूनेही न्याय करा. एका काडतुसाने ग्रुप वाईट आला म्हणून लगेच नळी गेली म्हणू नका. .२२ ची प्रत्येक नळी काडतुसाच्या बाबतीत नखरेल असते. एक लॉट आवडतो, दुसरा नाही. ॲक्शनचे स्क्रू ढिले असतील, साइट हलत असेल, तरी ग्रुप फुटतो. आधी ते घट्ट करा, नळी नीट साफ करा, काडतूस बदला, मग निकाल द्या.

एअर रायफल घेणाऱ्यांसाठी दोन ओळी. तिथे तर 'बॅरल'ची चर्चा म्हणजे निव्वळ थाप. तिथे दारूच नाही, शिशाचा छर्रा हवेवर जातो, नळीला झिजायला कारणच नाही. तिथे बघायचा तो हवेचा सिलेंडर. त्याच्यावर तारीख असते, उत्पादक साधारण दहा वर्षांची मुदत देतात, आणि स्पर्धेत मुदतीतला सिलेंडर असणं ही खेळाडूचीच जबाबदारी धरली जाते. विकणारा नळीचं कौतुक सांगतो तेव्हा हात सिलेंडरवर ठेवून विचारा, "तारीख काय?" बऱ्याच वेळा तिथेच भाव उतरतो.

आता म्हणाल, एवढं सगळं कोण करू देतो? बरोबर. आणि इथेच माझं खरं भांडण आहे.

व्यवहार होतो कसा बघा. आधी ॲडव्हान्स. "दुसरं गिऱ्हाईक उभं आहे." मग परवान्याचे हेलपाटे, कलेक्टर ऑफिस, पोलीस अहवाल, महिन्यांमागून महिने. रायफल तोवर विकणाऱ्याकडे नाहीतर डीलरकडे. परवाना हातात आल्यावर रायफल हातात येते, तेव्हा पहिली गोळी मारली जाते. म्हणजे चाचणी सगळे पैसे दिल्यावर! बाप उलटं बोलू शकत नाही, कारण मधला माणूस पोरीचा प्रशिक्षक आहे आणि उद्या संघ निवडताना त्याचाच शब्द चालणार आहे.

कायद्याने हात बांधलेत का? नाही. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे खाजगी मालकाने आपलं शस्त्र दुसऱ्या परवानाधारकाला विकायचं तर जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावं लागतं, घेणाऱ्याचं नाव-पत्ता द्यावा लागतो आणि त्यानंतर ४५ दिवस थांबावं लागतं. सगळे या ४५ दिवसांना शिव्या घालतात. मी म्हणतो, हे ४५ दिवस देवाने दिलेत असं समजा. याच काळात मालकाने स्वतः, आपल्या परवान्यावर, अधिकृत रेंजवर, तुमच्या डोळ्यांसमोर चाळीस गोळ्या मारून दाखवाव्यात. काडतुसाचा खर्च घेणाऱ्याने द्यावा. लाखांच्या व्यवहारात तो किती? चाळीस गोळ्या मारायला जो तयार नाही, त्याच्या रायफलीत काय आहे ते त्याला माहीत आहे.

आणि नळी वाईट निघाली तर 'बदलून घेऊ' या भ्रमात राहू नका. नळी हा शस्त्राचाच भाग धरला जातो, दुकानातून नळाचा पाइप आणावा तशी ती येत नाही. तोंडाची कड दुरुस्त होऊ शकते, पण ते परवानाधारक गनस्मिथचं काम. गावातल्या लेथवाल्याकडे 'थोडं कापून दे' म्हणून नेलीत तर लक्षात ठेवा, विनापरवाना नळी आखूड करणं हा कलम ६ प्रमाणे वेगळा गुन्हा आहे. रायफलही जाईल आणि पोरीचं करिअरही.

आता विरोधातलं बोलणं ऐकू.

"खेळ माणसाचा असतो, रायफलीचा नाही." अर्धं खरं. शिकणाऱ्या पोराला महागडी रायफल लागत नाही, हे शंभर टक्के मान्य. तीस वर्षं जुनी रायफल, नळी नीट असेल तर, आजही मैदान मारते. म्हणूनच मी सेकंडहँडच्या बाजूचा आहे. पण हेच वाक्य विकून झाल्यावर, स्कोअर पडल्यावर ऐकवलं जातं तेव्हा तो सल्ला नसतो. ती पळवाट असते.

"सगळ्यांना एकाच मापाने तोलता." नाही तोलत. आपली रायफल नव्या पोराला पडत्या भावात देणारे, सोबत चार दिवस उभं राहून ती समजावून सांगणारे जुने शूटर मी बघितलेत. त्यांच्या पाया पडावं. पण त्यांना चाचणीची भीती वाटत नाही. भीती वाटते ती दुसऱ्यांना. नियम झाला तर प्रामाणिक माणसाचाच भाव वाढेल.

"प्रशिक्षकाने मेहनतीचा मोबदला घेऊ नये काय?" घ्यावा. उघड घ्यावा. शाळेजवळच्या दुकानातून वह्या घ्यायला लावणाऱ्या मास्तरावर आपण गावसभेत बोलतो ना? मग इथे का नाही? ज्याच्या हातात पोराचा सराव आणि निवड आहे, त्याने रायफलीच्या व्यवहारात कमिशन घेत असेल तर ते आधी तोंडाने सांगावं. लपवलेलं कमिशन म्हणजे मोबदला नाही.

म्हणून मागणी तीनच आणि तिन्ही स्वस्त.

पहिली, जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाने प्रत्येक जिल्ह्यासाठी एक बोरस्कोप आणि एक टेस्ट टेबल घ्यावं आणि महिन्यातून एक दिवस ठरवावा. पुण्यात बालेवाडी आहे, मुंबईत वरळी आहे, कोल्हापुरात दुधाळी आहे. तिथपर्यंत पोचलेल्यांना चार जाणती माणसं तरी भेटतात. बाकीच्या तालुक्यांतल्या पोरांनी कोणाला विचारायचं? उद्घाटनाच्या मांडवाला जेवढा खर्च होतो त्यात हे दोन्ही बसतं.

दुसरी, क्लबांनी नियम करावा. सभासदांमधल्या प्रत्येक रायफल व्यवहाराला चार ग्रुपचा टेस्ट कागद, तारीख, काडतुसाची जात आणि लॉट नंबर, मारणाऱ्याची सही. हा कागद पावतीला जोडायचा. पावतीच देत नाहीत म्हणता? मग आधी पावती.

तिसरी, आई-बापांनो, तुम्हाला. चाचणीच्या अटीवर इसार, आणि ती अट इसार पावतीवर लिहून. "सरांना वाईट वाटेल" म्हणून गप्प बसू नका. सरांना वाईट वाटलं तर दोन दिवसांत जातं. कर्जाचा हप्ता पाच वर्षं जात नाही.

शेवटचं. या खेळात पोर हरलं तर बोट पोराकडेच जातं. हात हलला, मन हललं, नशीब हललं. लोखंडाकडे कोणी बघत नाही, कारण लोखंड विकणाराच शेजारी उभा असतो. किती पोरांनी 'आपल्याला जमत नाही' म्हणून रायफल खाली ठेवली असेल, जेव्हा न जमणारी गोष्ट नळीच्या तोंडाशी होती? त्या पोरांची यादी कुठल्याच कार्यालयात नाही. पण प्रत्येक रेंजवर एखादं तरी नाव निघेल.

ज्यांच्याकडे असा अनुभव आहे त्यांनी इनबॉक्समध्ये लिहा, नाव गुप्त राहील. ज्या क्लबने टेस्ट कागदाचा नियम केला त्यांनीही कळवा, त्यांची बातमी मी स्वतः पहिल्या पानासाठी लावून धरीन. आणि ज्यांना ही पोस्ट झोंबली, त्यांनी कमेंटमध्ये येऊन भांडावं. फक्त येताना आपल्या रायफलीचे चार ग्रुपचे कागद घेऊन या. तोंडी नको.